आधी विमा कंपनीला पत्र, मग रीमॅप: ऑक्टाव्हिया आरएस ट्यून करण्याचा पूर्ण क्रम

स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस २३० भारतात आणली २०१७ साली, आणि २०२० मध्ये आरएस २४५ च्या फक्त २०० गाड्या आल्या. दोन्हींच्या बॉनेटखाली फोक्सवॅगन समूहाचं ईए८८८ कुळातलं १९८४ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन. चार माणसं आरामात बसतात, डिकी भलीमोठी, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पोर्ट्स कारचा जोर. आपल्याकडे फार थोड्या गाड्यांना हे जमलं. आज यातल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आहेत, कंपनीची वॉरंटी संपलेली आहे, आणि जवळजवळ प्रत्येक मालक कधी ना कधी विचारतोच: स्टेज वन, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणारा रीमॅप, करून घेऊ का?

इंजिनाच्या बाजूने या प्रश्नाचं उत्तर चांगला ट्यूनर अर्ध्या तासात देतो. विम्याच्या बाजूचं उत्तर बहुतेकांना क्लेमच्या दिवशी मिळतं, आणि तेव्हा काहीच हातात नसतं. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी कायदा आणि पॉलिसी, मग विमा कंपनीशी पत्रव्यवहार, मग गाडीची तपासणी आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर. विमा कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कोणालाही हात लावू देऊ नका, हे माझं ठाम मत आहे. उदाहरण ऑक्टाव्हियाचं घेतलं आहे, पण पोलो जीटी, आय२० एन लाइन किंवा कुठल्याही टर्बो गाडीला हाच क्रम लागू पडतो.

पायरी १: कायदा काय म्हणतो ते आधी वाचा

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल, असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडक लावला आणि मूळ वैशिष्ट्यांपासून गाडीला दूर नेणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंड बदलागणिक आहे, हे लक्षात घ्या. इनटेक (इंजिनात हवा नेणारा मार्ग), डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप) आणि एक्झॉस्ट हे तीन बदल मोजले जातात.

रीमॅपवाले इथे म्हणतात, "एकही स्क्रू बदलत नाही, सीसी तेवढीच राहते, मग तपशील कुठे बदलला?" मी या युक्तिवादावर विसंबणार नाही. आपल्या देशात कुठलंही मॉडेल विक्रीला येण्याआधी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून मंजूर व्हावं लागतं. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय ही त्यातलीच एक. तिथे मंजूर होते ती विशिष्ट ताकद आणि विशिष्ट उत्सर्जन असलेली गाडी. सॉफ्टवेअरने या दोन्ही गोष्टी बदलतात. सीएनजी किट बसवायची तर आरटीओची ठरलेली वाट आहे: मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त फिटर, आरसीवर नोंद. वाढवलेली अश्वशक्ती नोंदवून घेण्याची अशी रुळलेली वाट नाही. रस्त्यावरच्या गाडीचा रीमॅप कायद्याच्या दृष्टीने कच्च्या जमिनीवर उभा आहे. पुढचे सगळे निर्णय हे धरूनच घ्यायचे.

धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर काढण्याबद्दल तर वादच नाही. कलम १९०(२) खाली प्रदूषण किंवा आवाजाची मर्यादा मोडली तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. स्टेज टूच्या, म्हणजे सॉफ्टवेअरसोबत भागही बदलण्याच्या पॅकेजमध्ये 'डिकॅट डाउनपाइप' (हा कन्व्हर्टर नसलेला पाइप) असेल तर तिथेच थांबा. आपल्या गल्लीतल्या पोरांच्या फुफ्फुसांत जाणारा धूर आहे तो.

पायरी २: पॉलिसीचं पूर्ण पुस्तक उघडा

मोबाइलवर आलेलं दोन पानी प्रमाणपत्र म्हणजे पॉलिसी नव्हे. कंपनीच्या संकेतस्थळावरून पूर्ण मजकूर उतरवून घ्या आणि चार जागा शोधा.

पहिली जागा, अपवाद. यांत्रिक किंवा विद्युत बिघाड, झीज आणि परिणामी नुकसान हे आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत मुळातच वगळलेलं असतं. पिस्टन वितळला, टर्बोचा शाफ्ट तुटला, क्लच जळाला तर तो अपघात नाही. गाडी ट्यून केलेली असो वा नसो, हा खर्च तुमचा. कित्येकांना हे माहीतच नसतं आणि 'इंजिन प्रोटेक्ट' घेतलंय म्हणून ते निर्धास्त असतात. ते कव्हर प्रामुख्याने इंजिनात पाणी शिरणं किंवा बाहेरच्या आघाताने ऑइल गळून झालेलं नुकसान यासाठी आहे. बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) वाढवून फुटलेल्या इंजिनासाठी नाही.

दुसरी, वापराची मर्यादा. आयोजित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांना पॉलिसी लागू नसते.

तिसरी, मालकाचं कर्तव्य. गाडी सुस्थितीत राखणं आणि तिचं नुकसान होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीची अट आहे. क्लेम नाकारणारं पत्र बहुधा याच वाक्यावर टेकतं.

चौथी, तुम्ही भरलेला किंवा एजंटने तुमच्या नावाने भरलेला प्रस्ताव अर्ज. त्यात बदलांविषयी काय लिहिलं आहे ते बघा. ऑनलाइन नूतनीकरणात हा प्रश्न अनेकदा समोर येतच नाही, पण विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हा बचाव दुबळा आहे. विम्याच्या करारात जोखमीवर परिणाम करणारी गोष्ट स्वतःहून सांगण्याची जबाबदारी मालकावर असते.

आता हप्त्याचं गणित, कारण त्यातून पुढची सगळी अडचण कळते. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो सीसीवर असतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १५०० सीसीवरच्या खासगी गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये. २३० अश्वशक्तीला तेवढेच आणि ३०० ला तेवढेच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात, पण त्याचा सांगाडा अजून जुन्या टॅरिफचाच आहे: आयडीव्ही (विम्यासाठी ठरवलेली गाडीची किंमत), सीसी, गाडीचं वय आणि नोंदणीचं क्षेत्र. पुणे आणि मुंबई 'अ' क्षेत्रात येतात. या सांगाड्यात अश्वशक्तीला रकानाच नाही. त्यामुळे तुम्ही प्रामाणिकपणे "ताकद ३०० केली आहे" असं कळवलंत तरी समोरच्या माणसाकडे त्यासाठी तयार दर नसतो. तो फाइल वर पाठवतो किंवा नाही म्हणतो. या उत्तराची मनाची तयारी ठेवूनच पत्र लिहायला बसा.

पायरी ३: बदलांची यादी करा आणि वर्गवारी लावा

ट्यूनर 'स्टेज वन', 'स्टेज टू' असं बोलतात. विमा कंपनीला ही भाषा कळत नाही, तिला भाग आणि परिणाम सांगावे लागतात.

स्टेज वन म्हणजे फक्त सॉफ्टवेअर. ईसीयूमधलं टॉर्कचं (चाकं फिरवणाऱ्या जोराचं) गणित, बूस्टचं लक्ष्य, इग्निशनचं टायमिंग आणि इंधनाचं प्रमाण बदललं जातं. आरएस २३० मध्ये ट्यूनर साधारण २९० ते ३१० अश्वशक्ती आणि चारशे न्यूटन मीटरच्या वर टॉर्क सांगतात. ही वाढ मुख्यतः टॉर्कची आहे आणि तो सगळा पुढच्या दोन चाकांवर जातो. पावसाळ्यात खंबाटकीच्या वळणावर याचा अर्थ काय होतो ते गाडी चालवणाऱ्याला समजावायला नको.

स्टेज टू म्हणजे त्यावर डाउनपाइप, मोठा इंटरकूलर, इनटेक. स्टेज थ्री म्हणजे टर्बोच बदलणं. या इंजिनावर गोल्फ आर गाडीतला आयएस३८ टर्बो बसवतात. तिथपासून इंधनपुरवठा, गिअरबॉक्स, कूलिंग सगळंच बदलत जातं आणि गाडी रस्त्याची राहत नाही.

यादी करताना प्रत्येक भागासमोर तीन गोष्टी लिहा: ताकद वाढते का, उत्सर्जन किंवा आवाज बदलतो का, आणि मूळ भाग परत बसवता येतो का. चांगले ब्रेक पॅड, ताजं ब्रेक फ्लुइड, मूळ मापाचे उत्तम टायर आणि मूळ जागी बसणारा एअर फिल्टर यांना पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर 'नाही' येतं. हे भाग निर्धास्त घ्या. मोठा इंटरकूलर एकटा ताकद वाढवत नाही, उन्हाळ्यात ती टिकवतो, पण तो जोडलेला भाग आहे म्हणून यादीत हवा. सॉफ्टवेअरला पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो'. डाउनपाइपला पहिले दोन्ही 'हो'.

इनटेकबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मुंबईत राहणाऱ्यांना ते महागात पडू शकतं. मूळ एअरबॉक्सचं तोंड उंचावर असतं. काही 'कोल्ड एअर' किटमध्ये फिल्टर थंड हवेसाठी खाली, बंपरच्या मागे नेलेला असतो. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेला गुडघाभर पाणी साचलं की तो फिल्टर सरळ पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं असलं तरी सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) पहिला फोटो त्या फिल्टरचा काढेल, आणि मूळ इनटेक असता तर पाणी शिरलं असतं का, हा त्याचा प्रश्न रास्त असेल. रोजच्या वापराच्या गाडीला असा इनटेक लावू नका. त्यातून मिळणारी ताकदही या टप्प्यावर नगण्य असते.

पायरी ४: विमा कंपनीला लिहा

फोन करू नका. कॉल सेंटरवरच्या "काही प्रॉब्लेम नाही सर" या वाक्याला क्लेमच्या वेळी किंमत नसते. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर लिहा आणि एजंटला प्रत पाठवा. मजकूर इंग्रजीत लागेल, पण आशय असा ठेवा:

"माझी पॉलिसी क्रमांक अमुक, गाडी क्रमांक तमुक. या गाडीच्या इंजिन नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये बदल करण्याचा माझा विचार आहे. मूळ कमाल ताकद २३० अश्वशक्ती व टॉर्क ३५० न्यूटन मीटर आहे. बदलानंतर अंदाजे ताकद इतकी आणि टॉर्क इतका होईल. सोबत बसवायच्या भागांची यादी व किंमत जोडली आहे. काम अद्याप झालेलं नाही. कृपया लेखी कळवा: १) या बदलानंतर स्वतःच्या नुकसानीचं आणि थर्ड पार्टीचं संरक्षण चालू राहील का, २) त्यासाठी जादा हप्ता किंवा अटी कोणत्या, ३) पॉलिसीवर तशी नोंद मिळेल का."

'काम अद्याप झालेलं नाही' हे वाक्य सगळ्यात मोलाचं. विचारणा आणि कबुली यांत फरक पडतो तो इथेच.

उत्तरं साधारण चार प्रकारची येतात. "तुमची विनंती नोंदवली आहे" एवढंच आलं तर ते उत्तरच नाही, पुन्हा लिहा. "आरसीवर नोंद करून आणा, मग बघू" आलं तर तो व्यवहारात नकार आहे, कारण तशी नोंद होण्याची वाट नाही. सरळ नकार आला तर निदान स्थिती स्वच्छ झाली. आणि "जादा हप्ता भरा, नोंद देतो" असं आलं तर एंडोर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीवरच्या नोंदीचा, कागद हातात येईपर्यंत थांबा. त्यावर सॉफ्टवेअर बदल, नवी ताकद आणि तारीख हे तिन्ही लिहिलेलं हवं. 'अ‍ॅक्सेसरीज अ‍ॅडेड' एवढ्या मोघम शब्दांवर समाधान मानू नका. विमा कंपनीने होकार दिला म्हणून कलम ५२ चा प्रश्न सुटत नाही, हेही लक्षात असू द्या. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नकार आला तर? मग रस्त्यावरच्या गाडीत रीमॅप करू नका, असंच मी सांगेन. त्याच पैशात उत्तम टायर, ब्रेक, नवे बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर होतात. आठ वर्षं जुनी आरएस एवढ्यानेच पुन्हा नवी वाटते आणि घाटात खरोखर वेगवान होते. गुपचूप करून घेणं हा पर्याय नकारानंतर जास्तच वाईट, कारण आता तुम्हाला माहीत होतं याचा पुरावा त्यांच्याकडे तुमच्याच ईमेलच्या रूपात आहे.

पायरी ५: गाडीची तब्येत तपासा

लेखी होकार आला असं धरू. आता वर्कशॉप. रीमॅप इंजिनाचे दोष झाकत नाही, उघडे पाडतो. आणि एखाद्या दुर्लक्षित दोषामुळे पुढे अपघात झाला तर 'वाजवी काळजी'ची अट तुमच्यावर उलटते. त्यामुळे ही पायरी विम्याचीही आहे.

या इंजिनावर वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग गळणं हा जगभर माहीत असलेला दोष आहे. कूलंटची पातळी हळूहळू उतरते, ठिपका खाली दिसत नाही. प्रेशर टेस्ट करून घ्या. स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघा. वाढलेल्या बूस्टखाली जुने प्लग आधी साथ सोडतात, गाडी जोरात ओढताना अडखळते. ट्यूनर सांगेल त्या हीट रेंजचे आणि त्या गॅपचे नवे प्लग घाला. बूस्टचे पाइप आणि इंटरकूलर गळतीसाठी तपासा.

गिअरबॉक्सकडे खास लक्ष द्या. आरएस २३० मधली सहा गिअरची ओल्या क्लचची डीएसजी (दुहेरी क्लचची ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मुळात ३५० न्यूटन मीटरच्या हिशोबाने दिलेली आहे, आणि गाडीचा मूळ टॉर्कही तेवढाच. म्हणजे स्टेज वननंतर पहिल्या दिवसापासून ती हद्दीबाहेर काम करते. तिचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. मागच्या मालकाने बदललं का याची पावती नसेल तर बदललं नाही असं धरा. ट्यून करायचंच तर गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअरही सोबत हवं, कारण क्लच घट्ट धरण्याचा दाब तिथून ठरतो. फक्त इंजिनाचा मॅप विकून "गिअरबॉक्सचं नंतर बघू" म्हणणाऱ्या ट्यूनरकडून बाहेर पडा.

पायरी ६: ट्यूनचा दिवस

सगळ्यात आधी इंधन ठरवा. आपल्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन बराच काळ ९१ होता. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई२० मिळतं, आणि इंडियन ऑइलचं एक्सपी१००, हिंदुस्थान पेट्रोलियमचं पॉवर ९९ हे महागडे पर्याय मोठ्या शहरांत आहेत. जास्त बूस्ट आणि पुढे ओढलेलं टायमिंग म्हणजे नॉकचा (इंधन अवेळी पेटण्याचा) धोका जास्त, आणि नॉकला रोखतो तो ऑक्टेन. शंभर ऑक्टेनवर लिहिलेला मॅप घेऊन तुम्ही कोकणात उतरलात आणि तिथल्या पंपावर साधंच पेट्रोल मिळालं, तर नॉक सेन्सर टायमिंग मागे ओढतो, ताकद पडते, एक्झॉस्टचं तापमान चढतं. म्हणून तुम्हाला सगळीकडे मिळेल त्या इंधनावरचा सौम्य मॅप मागा. कागदावर दहा-पंधरा अश्वशक्ती कमी दिसतील, पण इंजिन जगेल. ई२० मध्ये हवा आणि इंधनाचं प्रमाण शुद्ध पेट्रोलपेक्षा वेगळं लागतं, तेव्हा परदेशातून आलेला तयार मॅप इथल्या पेट्रोलवर तपासला आहे का, तेही विचारा.

डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आधी मूळ अवस्थेत मोजमाप घ्या, मग काम, मग त्याच डायनोवर त्याच दिवशी पुन्हा मोजमाप. वेगवेगळ्या डायनोंच्या आकड्यांची तुलना निरर्थक असते. रस्त्यावर लॉगिंग करून घ्या: प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे ओढलं जातंय, इनटेकचं तापमान किती, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट जुळतो का. हे एप्रिलच्या दुपारी करा. डिसेंबरच्या पहाटे सगळेच मॅप छान दिसतात.

मूळ सॉफ्टवेअरची प्रत ट्यूनरकडून घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर ती विसरा. अधिकृत सर्व्हिस सेंटरने गाडी कंपनीच्या सर्व्हरशी जोडली की सॉफ्टवेअर जुळत नसल्याचं कळतं आणि समूहाच्या यंत्रणेत त्या गाडीवर टीडी१ हा, सॉफ्टवेअर बदलल्याचा, शिक्का बसतो. नंतर मूळ मॅप परत घातला तरी तो शिक्का आपोआप पुसला जात नाही.

पायरी ७: किंमत पॉलिसीत चढवा

विद्युत अ‍ॅक्सेसरीजसाठी जुन्या टॅरिफमधल्या आयएमटी २४ या कलमाप्रमाणे किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता असतो. समजा ४०,००० रुपयांचं सामान आहे, तर १,६०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,८८८. बिगर-विद्युत भागांची किंमत, उदाहरणार्थ इंटरकूलरची, वेगळी दाखवून एकूण विमा रकमेत मिळवतात. सॉफ्टवेअरला मात्र या दोन्ही रकान्यांत जागा नाही. रीमॅपवर घातलेला पैसा विम्यातून परत येत नाही असंच धरून चाला.

आणखी एक गोष्ट पदरात पाडून घ्या. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची आयडीव्ही मालक आणि कंपनीने आपसांत ठरवायची असते. ऑनलाइन पोर्टल कमी आकडा सुचवतं आणि हप्ता कमी दिसतो म्हणून लोक तो स्वीकारतात. आरएससारख्या दुर्मीळ गाडीला बाजारात चांगली किंमत आहे, तेव्हा भांडून आकडा वाढवा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. आयडीव्ही १२ लाख असेल तर ९ लाखांनंतर. आजकालच्या एअरबॅग, हेडलाइट आणि रेडिएटरच्या किमतीत हा टप्पा लवकर येतो, आणि तेव्हा न नोंदवलेल्या भागांचा एक रुपयाही मिळत नाही.

पायरी ८: क्लेमची वेळ आली तर

मोटारीचा ५०,००० रुपयांवरचा क्लेम असला की परवानाधारक सर्व्हेअर येतो. गंभीर अपघातात आरटीओचा मोटार वाहन निरीक्षकही गाडी तपासतो. गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये असेल तर स्कॅनरला सॉफ्टवेअरमधला फरक दिसू शकतो. त्या वेळी खरं बोला आणि एंडोर्समेंटचा कागद पुढे करा. सर्व्हेच्या आदल्या रात्री मूळ मॅप परत टाकून घ्या असा सल्ला देणारे भेटतील. तो विमा फसवणुकीचा सल्ला आहे. क्लेम तर जाईलच, वर फौजदारी प्रकरण मागे लागू शकतं.

नोंद केलेली नसताना काय होतं? कारण आणि बदल यांचा संबंध किती, यावर बरंच अवलंबून असतं. उभ्या गाडीवर पावसात झाड पडलं तर रीमॅपचा त्याच्याशी संबंध नाही. तरी कंपनी माहिती लपवल्याचा मुद्दा काढू शकते, पण तुमच्या हातात काही आहे. २००८ च्या नितीन खंडेलवाल प्रकरणात खासगी गाडी भाड्याने चालवली जात असताना चोरीला गेली होती, आणि अशा ठिकाणी अटींचा भंग सरसकट नकाराला पुरेसा नाही असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. २०१० च्या अमलेंदु साहू प्रकरणात त्याच धर्तीवर ग्राह्य रकमेच्या ७५ टक्के देण्याचा मार्ग दिसतो. ही प्रकरणं रीमॅपची नव्हेत, वापराच्या अटीची आहेत. युक्तिवादाला आधार म्हणून ती चालतात, हमी म्हणून नाही. ताबा सुटून दुभाजकावर आदळलेल्या गाडीला मात्र हा आधार फारसा पुरणार नाही. तिथे वाढलेली ताकद सरळ अपघाताच्या कारणात येते.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ग्राहक आयोगाची वाट वेगळी, तिथे मुदत दोन वर्षं.

समोरच्या माणसाचं नुकसान

आपल्या गाडीचे पैसे बुडाले तर ते सोसता येतं. समोर माणूस गेला तर प्रश्नच वेगळा. थर्ड पार्टीत मृत्यू आणि इजेसाठी विमा कंपनीची जबाबदारी अमर्याद असते, मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत. पण कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला जे मोजके बचाव दिले आहेत, त्यात महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली हाही एक आहे. अशा वेळी न्यायाधिकरण अनेकदा 'आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश देतं. पीडिताच्या कुटुंबाला पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. मग कंपनी तुमच्या मागे लागते, आणि भरपाईची रक्कम कमावत्या तरुण माणसाच्या बाबतीत सहज कोटीच्या घरात जाऊ शकते. घर विकावं लागेल इतकी मोठी जोखीम आपण एका सॉफ्टवेअरसाठी घेतो आहोत का, हा विचार घरच्यांसोबत बसून करा. घर त्यांचंही आहे.

ट्रॅकवर जायचं असेल तर

अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरची ड्रॅग शर्यत असो, कोइमतूरचा करी स्पीडवे असो किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, वेळ मोजली जात असेल तर तुमची पॉलिसी त्या फाटकाबाहेर थांबली असं समजा. आयोजकाचा विमा कशाकशाला लागू आहे ते लेखी विचारा. बहुधा तो प्रेक्षक आणि आयोजनाच्या जबाबदारीचा असतो, तुमच्या गाडीचा नसतो. ताकदीची हौस भागवायला ट्रॅक हीच योग्य जागा आहे, पण तिथे नेलेली गाडी मोडली तर तो तोटा आपला, हे आधीच मान्य करून जावं. येता-जाता मात्र गाडी रस्त्यावरच असते, तेव्हा आवाज, पीयूसी आणि कलम ५२ हे सगळं लागू राहतं.

परदेशात असाल तर

ब्रिटनमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे रीमॅप कळवणं अपेक्षितच असतं आणि बदल केलेल्या गाड्यांचा विमा देणाऱ्या खास कंपन्या आहेत. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार कंपनीच्या प्रश्नांना काळजीपूर्वक खरं उत्तर देणं ही तुमची जबाबदारी. निष्काळजीपणे चुकीचं उत्तर दिलं तर रक्कम प्रमाणात कापली जाऊ शकते, जाणूनबुजून दिलं तर पॉलिसीच रद्द. जर्मनीत ताकद वाढवणारा बदल तपासून नोंदवला नाही तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपुष्टात येऊ शकतो. म्हणून तिथले चांगले ट्यूनर तपासणीचं प्रमाणपत्र मॅपसोबतच देतात.

जुनी आरएस विकत घेताना किंवा विकताना

सेकंडहँड आरएस घेताना विक्रेता "पूर्ण स्टॉक आहे" म्हणाला तरी स्कॅन करून घ्या आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती मूळ आहे का ते बघा. डाउनपाइप, इंटरकूलर, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हे डोळ्यांनी दिसतात, त्यासाठी गाडी लिफ्टवर चढवा. विक्री करारात 'इंजिन सॉफ्टवेअर मूळ' किंवा 'बदललेलं' असं स्पष्ट लिहून घ्या. थर्ड पार्टीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जातं, पण स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. त्या अर्जातच बदल कळवा. आधीच्या मालकाला मिळालेली एंडोर्समेंट तुमच्या नावावर पुढे चालू राहते का, ते कंपनीला वेगळं विचारून लेखी घ्या.

विकणाऱ्याने मूळ सॉफ्टवेअरची फाइल, मूळ भाग, डायनोची दोन्ही पानं, डीएसजी ऑइलची पावती आणि विमा कंपनीचा पत्रव्यवहार एका फोल्डरमध्ये घालून गाडीसोबत द्यावा. नो क्लेम बोनस गाडीसोबत जात नाही, तो तुमचा आहे. विक्रीनंतर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, पुढच्या गाडीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सवलत त्यावर मिळते.